एका वायरवर आठ सेन्सर: या चुका टाळा

वरूडकडच्या एका संत्रा बागेत आंबिया बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी तोडतात तो) किती बसला ते कळावं म्हणून आम्ही मातीतल्या ओलाव्याचे आठ सेन्सर गाडले. आरएस-४८५ ची लाइन, म्हणजे डेटाच्या दोनच वायरींवर सगळे सेन्सर; त्यावर मॉडबस, म्हणजे एकेकाला पत्त्याच्या नंबराने हाक मारून आकडा विचारायची भाषा. संध्याकाळी बागवाल्याचा फोन: "भाऊ, एकही बोलून नाही राह्यला. सारेच खराब निंघाले का जी?"

सेन्सर धडधाकट होते, चूक माझी होती. डब्यातून काढले तसेच लावले होते. असे बहुतेक सेन्सर कारखान्यातून १ हाच पत्ता घेऊन येतात. कंट्रोलरने १ ला हाक मारली की आठही जण एकदम "ओ" देतात, आणि कुणाचंच काही कळत नाही. आठही खड्डे पुन्हा उकरले.

तेव्हापासून पत्ते घरी, टेबलावर देतो. यूएसबी कन्व्हर्टरला (ही लाइन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) एका वेळी एकच सेन्सर जोडायचा, पत्ता बदलायचा, सप्लाय बंद-चालू करून नव्या पत्त्यावर वाचून पाहायचा. पत्ते १ ते २४७ चालतात. ० म्हणजे सगळ्यांना एकत्र हुकूम, तो द्यायचा नाही. १ मी मुद्दाम रिकामा ठेवतो, म्हणजे पुढे बदली सेन्सर आला तरी जुन्याशी भिडत नाही. नंबर केबलच्या वरच्या टोकाला ऑइल पेंटने लिहा. मार्कर आपल्या मे महिन्यात टिकत नाही.

दुसरी चूक ठिबकच्या सवयीतून होते. मेन लाइनला लॅटरल फुटतात तशा या वायरला फांद्या काढायच्या नसतात. केबल एका सेन्सरपासून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, अशी माळेसारखी न्या आणि फक्त दोन टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. सप्लाय बंद करून ए आणि बी या डेटाच्या दोन वायरींमध्ये मल्टीमीटर धरा. ६० च्या आसपास आकडा आला तर ठीक. १२० आला तर एक टोक राहिलंय. ४० आला तर तिसरा रेझिस्टर कुठेतरी आहे, बहुतेक कन्व्हर्टरच्याच पोटात; त्याचा जम्पर (रेझिस्टर जोडणारी-तोडणारी छोटी पिन) पाहा.

एकच सेन्सर गप्प असेल तर त्याचे ए-बी उलटून बघा. कंपन्या ही अक्षरं आपापल्या मर्जीने छापतात. डेटाच्या या दोन वायरी उलट्या लागल्याने काही जळत नाही. सप्लायच्या वायरींवर मात्र हा प्रयोग नको. बॉड रेट (डेटाचा वेग) आणि पॅरिटी (डेटातली चूक पकडायची खूण) सगळ्यांची सारखीच हवी.

जवळचे बोलतात आणि लांबचे अडखळतात, तेव्हा शेवटच्या सेन्सरपाशी जाऊन व्होल्टेज मोजा. बारीक वायरीत १२ व्होल्ट वाटेतच झिजतात. मोटर सुरू झाली की आकडे नाचत असतील तर केबल पंपाच्या वायरसोबत एकाच चरातून गेली आहे का ते पाहा.

आणि जोड मातीत गाडू नका. टेपमधून पाणी शिरतंच. खांबावर डबा लावून जोड त्यात घ्या, खालची केबल पाइपातून न्या. रानडुकरं बाग उकरतात तेव्हा केबल सोडत नाहीत.