बोलणारे प्राणी वाचून दाखवताना: अरे-तुरे की अहो-जाहो?

आमच्या बडोद्यातली पोरं शाळेत इंग्लिश, खाली सोसायटीत गुजराती आणि आजीपाशी मराठी, त्यामुळे जुन्या इंग्लिश गोष्टी मी पुस्तक हातात धरून थेट मराठीतच सांगते, आणि तिथेच अडायला होतं कारण त्यांच्यात सगळ्यांना एकच 'यू', आपल्याकडे कोण कुणाला तू म्हणणार हे ठरवल्याशिवाय तोंड उघडत नाही. म्हणून आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, हवं तर पेन्सिलने समासात लिहा (लायब्ररीचं पुस्तक असेल तर प्लीज नको).

आधी बघा, प्राणी बोलतोय कुणाशी. 1877 च्या 'ब्लॅक ब्यूटी'त घोडे आपसात बोलतात पण माणसाशी एक शब्द नाही, आणि सगळी गोष्ट घोडाच सांगतो, पहिल्या आवृत्तीवर तर मूळ घोड्याच्या भाषेतून भाषांतर असं छापलं होतं! इथे साध्या आवाजात 'मी' म्हणत वाचायचं, बास. मी हौसेने खिंकाळत वाचलं आणि जिंजर नावाच्या घोडीच्या मरणाला पोरं खो खो हसली.

'अ‍ॅलिस इन वंडरलँड' (1865) उलट. ससा बोलतो याचं तिला फारसं काहीच वाटत नाही, तो खिशातून घड्याळ काढतो तेव्हा मात्र दचकते. हाच ससा तिला मोलकरीण समजून हातमोजे आणायला पिटाळतो, तेव्हा 'अगं ए', आणि डचेसचं नाव निघालं की लगेच 'बाईसाहेब'. एवढ्यावर अख्खा ससा उभा राहतो.

खरी मजा 'जंगल बुक'मधे, 1894 चं. बालू शिकवणारा, म्हणून आमच्याकडे 'बालू सर'. शेरखान जन्मापासून लंगडा, त्याची आईच त्याला लंगडी म्हणायची, त्याला बिनधास्त अरे-तुरे. पण का नावाचा अजगर! मोगलीला माकडांनी पळवल्यावर बालू आणि बघीरा त्याच्याकडे मदत मागायला जातात, घाबरतात, मस्का लावतात, मग 'माकडं आपल्याला बिनपायाचं गांडूळ म्हणतात' अशी काडीपण घालतात. तिथे 'आपण'च पाहिजे, 'तू' म्हटलंत की भीतीच गेली.

इसापाचं सोपं, बापू छत्र्यांनी 1828 मधेच मराठीत आणलाय, त्यात अरे-तुरे चालतं. फक्त कोल्हा कावळ्याला 'कावळेदादा' म्हणाला पाहिजे, आणि तुकडा चोचीतून पडला रे पडला की 'ए कावळ्या'.