व्हॉल्व्ह सीट कापताय? या चुका टाळा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या शेडमध्ये येणाऱ्या इंजिन हेडांपैकी (व्हॉल्व्ह बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागांपैकी) बरीच दुसऱ्यांदा उघडलेली असतात. पहिल्या वेळी कुणीतरी घाई केलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) न बघता सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती गोल कडा) कापणं. कटरला मधोमध धरणारी दांडी, म्हणजे पायलट, गाइडमध्येच बसतो. गाइड ढिलं असेल तर पायलट डुलतो आणि सीट एका अंगाला जाते.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर चालणारी एक सीएनजी टॅक्सी आली. हेडचं काम होऊन दीडच महिना झाला होता, तरी एका सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही. हेड उतरवलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा नखाएवढा तुकडा जळून गेलेला. शेजारच्या व्हॉल्व्हला मार्किंग ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावून न फिरवता नुसता टेकवला. ठसा अर्ध्याच गोलावर उमटला. आधी सीट कापून मग नवे गाइड ठोकले होते. नव्या गाइडचं सेंटर जुन्या सीटशी जुळणार कसं? "भाऊ, गाडीचा हप्ता आहे हो," म्हणत टॅक्सीवाले काका दिवसभर बाकावर बसून होते. म्हणून माझ्याकडे आधी गाइड, मग रीमर (गाइडचं भोक मापात आणणारं हत्यार), मगच कटर. हा क्रम मी कुणासाठीही मोडत नाही.

दुसरा हट्ट नव्या पोरांचा: हवा जास्त जावी म्हणून सीट पातळ करायची. हवेचं काम ३०-४५-६० अंशांच्या तीन कोनांनी होतं. आधी ४५ मारा. ठसा व्हॉल्व्हच्या कडेकडे गेला तर ३० ने खाली आणा, आत गेला तर ६० ने वर घ्या. इनटेकला १ ते १.५ मिमी, एक्झॉस्टला १.५ ते २ मिमी रुंदी मी ठेवतो. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. सीएनजीवर सीट तशीही लवकर झिजते, तिथे पातळ सीट म्हणजे जळका व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टने तासभर घासून वाकडी सीट सरळ होत नाही, व्हॉल्व्हला खाच मात्र पडते.

बोथट कटर दाबून फिरवलात तर सीटवर लाटा उठतात.

सीट जास्त खोल गेली की व्हॉल्व्हची दांडी वर येते आणि टॅपेटचा गॅप (दांडी आणि तिला दाबणाऱ्या भागातली फट) संपतो. अशा वेळी नवी सीट रिंगच बसवा.

शेवटी गळती बघायला स्प्रिंग आणि स्पार्क प्लग लावून हेड उलटं ठेवतो, चेंबरमध्ये रॉकेल भरतो आणि दहा मिनिटं थांबतो. व्हॉल्व्हमागचा पोर्ट (हवा-धुराची वाट) नुसता ओलसर दिसला तरी व्हॉल्व्ह परत बाहेर काढतो.