नाताळच्या सुटीआधी वर्गात नक्षत्र कसे बांधावे: पालक आणि मुलांनी मिळून

डिसेंबर उजाडला की गोव्यातल्या प्राथमिक शाळेचे दिवस भराभर संपतात. ३ तारखेला जुन्या गोव्याचे फेस्त (चर्चचा सण), ८ तारखेला पणजीचे, १९ तारखेला मुक्तिदिन, त्यात स्नेहसंमेलनाच्या तालमी, आणि मग नाताळची सुटी. या धावपळीत पालकांना शाळेत बोलावले जाते ते बहुतेक वेळा दोनच कारणांसाठी: वर्गणी द्यायला किंवा कार्यक्रम बघायला. दोन्हींत पालकाच्या हातांना काम नसते. वर्गाने मिळून एक मोठे बांबूचे नक्षत्र, म्हणजे नाताळात टांगतात तो ताऱ्याच्या आकाराचा कंदील, बांधावे असे इथे सुचवतो आहोत ते म्हणूनच. ज्या घरात दिवाळीचा आकाशकंदील बांधला जातो त्या घरातल्या माणसाला हे काम नवे नाही. कामट्या त्याच, कागद तोच, खळही तीच.

खाली दिलेले माप ६० सेंटिमीटरच्या पाच टोकांच्या नक्षत्राचे आहे. त्याला कागदाचे एकवीस तुकडे लागतात. वीसेक मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला एक तुकडा येतो. वर्ग मोठा असेल तर दोन नक्षत्रे बांधा, पण तुकडा प्रत्येकाला मिळायला हवा.

पालकांना कसे बोलवावे

डिसेंबर हा गोव्यात पर्यटनाचा भर हंगाम. टॅक्सी चालवणारे, हॉटेलात आणि किनाऱ्यावरच्या शॅकवर काम करणारे आई-बाबा या महिन्यात सकाळी शाळेत येऊ शकत नाहीत. त्यांना मुलांची काळजी नसते असे मुळीच नाही. त्यांच्याकडे घरून करायचे काम द्यावे: कामट्या तासून देणे, टेकू (सांगाड्याच्या आतले छोटे आधार) कापणे, पुठ्ठ्याचे साचे करणे. हे रात्री दहा वाजताही होते. सकाळी मोकळे असलेले पालक, आजी-आजोबासुद्धा, वर्गात बसतील.

‘पालकांनी सहकार्य करावे’ अशा निरोपाने कोणी येत नाही, कारण नेमके काय करायचे ते त्यात नसते. निरोपात काम, वेळ आणि संपण्याची वेळ लिहा. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. तिसरीच्या वर्गात नक्षत्र बांधायचे आहे. मंगळवारी सकाळी ९ ते १०.१५ या वेळात कागद चिकटवायला पाच पालक हवेत. चार मुलांमागे एक मोठे माणूस बसेल. कोयता चालवता येणाऱ्या दोघांनी रविवारी कामट्या काढून द्याव्यात. कोणाला कोणते काम जमेल ते कळवावे.’ असा निरोप पालक-शिक्षक संघाच्या गटावर टाका आणि वहीतही लिहून द्या. सगळ्यांच्या फोनवर गट असतोच असे नाही.

सांगाडा १२ तारखेच्या आत आणि कागद १८ च्या आत उरका. १९ नंतर वर्गाचे लक्ष सुटीकडे लागलेले असते आणि तालमींसाठी बाके हलवलेली असतात.

सामान

एका नक्षत्राला ६२ सेंटिमीटर लांबीच्या दहा कामट्या आणि १२ सेंटिमीटरचे पाच टेकू लागतात. कामटी ८ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असावी. याहून जाड कामटी वाकत नाही, पातळ कामटी कागदाच्या ताणाने आत ओढली जाते. माणगा बांबूचा मनगटाएवढा जाड, दोन मीटर लांब तुकडा घेतला तर तीन नक्षत्रांचे सामान सहज निघते. आसपास बांबूचे बेट नसेल तर टोपल्या-सुपे विणणाऱ्यांकडे चौकशी करा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते बसतात.

पतंगाच्या कागदाचे पाच ताव घ्या, साधारण ५० बाय ७५ सेंटिमीटरचे. त्यातला एक पांढरा. हिशेबाने चार पुरतात, पाचवा फाटण्यासाठी धरलेला आहे आणि तो संपतोच. याशिवाय गोधडी शिवायचा जाड दोरा, ८० नंबरचा पॉलिश पेपर, पाव वाटी मैदा, जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, ७ वॅटचा एलईडी बल्ब, होल्डर आणि वायर. सुतळी घेऊ नका. तिच्या गाठी जाड होतात आणि त्यावर कागद नीट बसत नाही.

कामट्या: घरी, मोठ्यांनी

चिरणे आणि तासणे हे मोठ्यांचेच काम. कोयता शाळेत आणूच नये. प्रत्येक कामटीच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरने घासा आणि मग कापसाचा बोळा फिरवून बघा. कापूस अडकला तिथे कूस, म्हणजे बारीक सल, आहे, आणि ती मुलाच्या बोटात जाणार.

दिवाळीतल्या उरलेल्या कामट्या वापरायच्या असतील तर आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. सुकलेली कामटी टेकू बसवताना कट्कन मोडते, आणि बांधलेल्या सांगाड्यातली एक कामटी बदलणे म्हणजे अर्धा सांगाडा सोडणे. ओल्या बांबूच्या ताज्या कामट्या छान वाकतात, पण सुकताना आकसतात आणि गाठी सैल पडतात. म्हणून सांगाडा आणि कागद यांच्यात किमान एक दिवस जाऊ द्या. कागद लावण्यापूर्वी प्रत्येक गाठ बोटाने हलवून बघा आणि सैल असेल ती पुन्हा आवळा.

सांगाडा: वर्गात, तिसरी-चौथीच्या मुलांनी

हा भाग घाई न करता करावा. नक्षत्र वाकडे झाले तर चूक बहुधा इथलीच असते.

प्रत्येक कामटीवर एका टोकापासून चार खुणा करायच्या: १, २४, ३८ आणि ६१ सेंटिमीटरवर. पट्टी एकदाच ठेवून चारही खुणा करायला मुलांना सांगा. पट्टी उचलून पुढे सरकवली की अर्धा सेंटिमीटर कुठेतरी हरवतो. यासाठी शाळेतली ३० सेंटिमीटरची पट्टी कामाची नाही, शिवणाची टेप घ्या. १ आणि ६१ च्या खुणांवर टोके बांधायची, २४ आणि ३८ वर कामट्या एकमेकींना छेदतील. टोकापासून छेदापर्यंत २३, मध्ये १४, पुन्हा २३, मिळून ६० होतात. ताऱ्याचे पाचही हात सारखे येण्याचे गमक या आकड्यांत आहे, आणि गणिताच्या तासाला फळ्यावर मांडायलाही ते सोपे आहेत.

जमिनीवर पाच कामट्यांचा तारा मांडा, मुले हात न उचलता वहीत काढतात तसा. दोन कामट्या छेदतात तिथे दोघींच्याही खुणा एकमेकींवर यायला हव्यात. प्रत्येक कामटी एका छेदाला वरून आणि दुसऱ्या छेदाला खालून जाईल अशी विणून घ्या. विणलेला तारा बांधण्याआधीच एकमेकांत अडकून बसतो, न विणलेला हातात घेताच घसरतो.

आता आधी मधले पाच छेद बांधा, टोके नंतर. उलट क्रमाने गेले तर टोके जुळतात, मधला पंचकोन मात्र तिरपा होतो, आणि कागद लावेपर्यंत ते लक्षातही येत नाही. दोरा तिरपा तीन वेळा एका बाजूने, तीन वेळा दुसऱ्या बाजूने घेऊन घट्ट गाठ मारा. एक मूल छेद धरेल, दुसरे बांधेल. मोठ्या माणसाने फक्त गाठ आवळून द्यावी.

असे दोन तारे झाले की एकावर एक ठेवून पाचही टोके एकत्र बांधा. मग टेकू. प्रत्येक टेकूच्या दोन्ही तोंडांना तीन-चार मिलिमीटरची खाच आधीच केलेली असावी. समोरासमोरच्या दोन छेदांमध्ये टेकू उभा बसतो आणि दोन तारे फुगून एकमेकांपासून दूर होतात. टेकू ओळीने लावत गेलात तर सगळा ताण एका बाजूला जातो आणि नक्षत्र पिळवटते. एक सोडून एक लावा: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा. खाचेत बसलेला टेकू दोऱ्याने बांधायलाच हवा, नाहीतर पहिल्या वाऱ्याला निसटून कागद फाडतो. कामटी दाबून धरणे आणि टेकू सरकवणे हे मात्र मोठ्यांनी करावे. निसटलेली कामटी डोळ्यावर येऊ शकते.

खळ

पाव वाटी मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा. त्यात एक वाटी उकळते पाणी ओतत ढवळा आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटे, खळ थोडी पारदर्शक दिसेपर्यंत शिजवा. पातळ पिठल्याएवढी हवी. गुठळी राहिली तर दिवा लागल्यावर कागदावर काळा ठिपका दिसतो, तेव्हा गाळून घ्या. खळ टिकावी म्हणून काही जण तिच्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या खळीत घालू नका. सकाळी शिजवून त्याच दिवशी संपवा. डब्यातला पांढरा गोंद दाट असतो, त्याने पतंगाचा कागद सुरकुततो.

कागद: सगळ्या मुलांनी

एकवीस तुकड्यांचा हिशेब असा: हातांच्या बाजूच्या फटी बुजवायला दहा त्रिकोण, मागच्या हातांना पाच, पुढच्या हातांना पाच, आणि पुढचा मधला पांढरा पंचकोन. मागचा पंचकोन उघडाच ठेवायचा, तिथून बल्ब आत जातो आणि गरम हवा बाहेर पडते.

हिशेबाने हे हातांचे त्रिकोण पाया १४ आणि बाजू २३ सेंटिमीटरचे, बाजूचे त्रिकोण पाया १२ आणि बाजू २३ चे. पण हाताने बांधलेला सांगाडा आकड्यांना तंतोतंत मानत नाही. पुठ्ठा प्रत्यक्ष ताऱ्याच्या हातावर धरून साचा कापा. कागद कापताना सगळीकडे दीड सेंटिमीटर जास्तीचा सोडा, तो कामटीवरून आत दुमडायचा आहे. तुकड्यावर मागच्या बाजूने पेन्सिलीने मुलाचे नाव घाला.

खळ कामटीला लावा, कागदाला नको. भिजलेला कागद छोट्या बोटांत फाटतो. आधी बाजूचे त्रिकोण, मग मागचे, मग पुढचे, शेवटी पंचकोन. या क्रमाने आधीच्या तुकड्यांच्या कडा पुढच्या कागदाखाली झाकल्या जातात. पहिली-दुसरीच्या मुलांना बाजूचे त्रिकोण द्या, ते चुकले तरी फारसे दिसत नाही. पंचकोन सगळ्यांत कठीण. तो शेवटपर्यंत थांबायला तयार असलेल्या मुलाला द्यावा.

आता पालकांसाठी. मुलाचा त्रिकोण तिरपा बसला की हात शिवशिवतात, पण तो ओढून सरळ करू नका. तुमचे काम कामटी स्थिर धरणे, खळ पुढे करणे, फाटलेल्या जागी ठिगळ कसे लावावे ते सांगणे. दिवा लागल्यावर प्रत्येक मूल आपला तुकडा शोधते, आणि तो आपण लावलेला नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. शक्य असेल तर पालकाने स्वतःच्या मुलाच्या गटात बसूच नये. दुसऱ्याच्या मुलाशी आपण जास्त धीराने वागतो.

सावलीत दोन-तीन तास सुकू द्या. उन्हात ठेवल्यास रंग विटतो आणि कागद कडक होऊन तडकतो. सैल कागद ताठ व्हावा म्हणून पाणी शिंपडण्याची युक्ती इथे नको, रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो.

दिवा आणि टांगणे

साधा तारेचा बल्ब कधीही लावू नका. तो तापतो आणि पतंगाचा कागद क्षणात पेटतो. वरच्या हाताच्या बुडाशी जे दोन टेकू येतात, त्यांच्यामध्ये दोरा आडवा बांधून होल्डर त्याला लटकवा, म्हणजे बल्ब मधोमध राहील. पुढच्या आणि मागच्या बाजूपासून तो निदान दोन-तीन सेंटिमीटर दूर हवा. वायर जोडणे, बटण दाबणे हे मोठ्यांनीच करावे.

नक्षत्राचे वजन वरच्या टोकाला बांधलेल्या सुंभावर किंवा दोरीवर द्या, वायरवर कधीच नाही. खालची दोन टोकेही सैल दोरीने बांधा, नाहीतर वाऱ्यावर फिरत राहून वायर पिळते. टांगायची जागा छपराखाली हवी. डिसेंबरच्या पहाटे दव पडते, आणि उघड्यावरचा कागद दोन रात्रींत मऊ पडून फाटतो.

लहानग्यांसाठी नाचणी

बालवाडीच्या मुलांना कामट्या नकोत. नाताळात येशूच्या जन्माचा देखावा म्हणून गोठा मांडतात, त्याच्यापुढच्या हिरव्या शेतासाठी त्यांनी नाचणी पेरावी. रात्रभर भिजवलेली नाचणी १२-१३ तारखेला पसरट ताटात दोन-तीन सेंटिमीटर मातीवर पेरा आणि कोंब दिसेपर्यंत ओल्या फडक्याने झाका. पाणी शिंपडायचे, ओतायचे नाही. ओतले की बी एका कोपऱ्यात वाहून जाते आणि कुजते. मुंग्या बी उचलून नेतात, म्हणून पाण्याच्या परातीत वीट ठेवून तिच्यावर ताट ठेवा. शनिवार-रविवारी पाणी कोण घालणार ते शुक्रवारीच ठरवा.

सुटी लागताना

सुटीत शाळा बंद असते, म्हणून नक्षत्र सुटीआधीच्या शेवटच्या दिवशी उतरवा. त्या आधी मुलांना आपापला तुकडा एकदा दाखवायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. बल्ब आणि वायर काढून घ्या. कागद पाण्याने भिजवून सोलला की खळीसकट निघतो. राहिलेल्या खळीवर झुरळे येतात, म्हणून कामट्या ओल्या फडक्याने पुसून उन्हात वाळवा. टेकू सोडवून खुणेच्या चिठ्ठीसह एका पिशवीत ठेवा, दोन्ही तारे सपाट करून कपाटामागे उभे करा. पुढच्या डिसेंबरला ते रात्रभर भिजत घातले की फक्त कागदाचे काम उरते.