दोघा लोकगायकांचा पहिला अल्बम : स्टुडिओत जाण्याआधी आणि गेल्यावर

सूर आधी पक्का करा, आणि तो गाण्याच्या सगळ्यात वरच्या ओळीवरून. ध्रुपद (परत परत येणारी ओळ) काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, छान वाटतं, पण तिसऱ्या कडव्यात तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, पुढे गेलं की एकाचा गळा ताणतो आणि झील धरणारा (मागून साथीला ओळ उचलणारा) खालच्या सप्तकात बुडतो. बाई-पुरुष जोडीत ही अडचण हमखास येते. शंका असेल तर अर्धा सूर खाली या.

दोघांनी शक्यतो एकत्रच गावं. वेगवेगळं रेकॉर्ड करून जोडलेली झील बिनचूक येते, पण शब्दांची टोकं एकत्र पडत नाहीत. दोन्ही बाजूंनी ऐकणारा, म्हणजे ‘फिगर-एट’ पॅटर्नचा एकच माईक मधे ठेवून समोरासमोर उभे राहा; तोंडापासून अंतर २० ते २५ सेंटिमीटर. या माईकला डावी-उजवीकडचं जवळपास ऐकू येत नाही, म्हणून ढोलकी तिथे बसवा. ज्याचा आवाज मोठा त्याने एक पाऊल मागे सरायचं, कारण दोन्ही गळे एकाच ट्रॅकवर असल्यामुळे तोल नंतर सुधारता येत नाही. चूक झाली तर शब्द नाही, अख्खं कडवं पुन्हा गा. दोन माईक वापरायचेच असतील तर त्यांच्यातलं अंतर तोंड-माईक अंतराच्या किमान तिप्पट हवं. नाहीतर दोन्हीत शिरलेला तोच आवाज किंचित मागेपुढे होऊन पोकळ ऐकू येतो.

एसीच्या खोलीत चामडं सुकून ढोलकी चढते, पावसाळी दमट हवेत उतरते. ती अर्धा तास आधी आत आणून ठेवा आणि प्रत्येक गाण्याआधी सूर तपासा. तुणतुण्याची खुंटीही सरकते. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर करा आणि ढोलकीची सगळ्यात जोरदार थापही रेकॉर्डिंगच्या मीटरवर (शून्यावर आवाज फाटतो) उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

लयीचा निर्णय मात्र पहिल्याच दिवशी घ्या. सायमन आणि गारफंकल या अमेरिकन गायक जोडीचा १९६४ चा पहिला अल्बम विकला गेला नाही. त्यातल्या ‘द साउंड ऑफ सायलेन्स’वर १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सनने इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले, तेव्हा मूळ गाण्याची लय कमीजास्त असल्यामुळे वादकांना ती सांभाळताना कसरत करावी लागली. गाणं १९६६ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, हा भाग वेगळा. आपल्याकडे शेवटच्या कडव्याला लय चढवायचीच असते, ती मारू नका. नंतर वाद्यं भरायची असतील तर क्लिकच (कानात वाजणारा लयीचा टकटक ठोका) चढती बनवून घ्या, उदाहरणार्थ मिनिटाला ९२ ठोक्यांपासून १०० पर्यंत. भरायची नसतील तर क्लिक नकोच.

‘पारंपरिक’ असं लिहिण्याआधी कवी शोधा. भारतात गीतावरचा कॉपीराइट हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांसाठी २०२९ अखेरपर्यंत हक्कधारकांची लेखी परवानगी लागते. स्वतःच्या गाण्यांत शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि कुणाचे किती टक्के, हे मिक्सिंगच्या आधी कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. रॉयल्टी संस्थेकडे नोंदणी करताना हेच आकडे द्यावे लागतात.