सेलेरिॲक: आधी कापा, मग बेत ठरवा

घरच्या वाफ्यातला पहिला सेलेरिॲक, म्हणजे सेलरीचाच कंदवाला भाऊबंद, उपटून ओट्यावर ठेवला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, हे धुवायचं की परत पुरायचं?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मुठीपेक्षा जरा मोठा, चिखलाने माखलेला, खाली मुळांचा गुंता आणि वर ताठ पाल्याचा झुबका. विकतचा कंद बराच साफ होऊन, मुळं छाटून येतो. घरचा मात्र असाच येतो, आणि एका वाफ्यातले दोन कंद कधी सारखे निघत नाहीत. म्हणून आधी पाककृती ठरवून मग कंद आणणं मी सोडून दिलंय. कंद कापायचा, आत काय आहे ते बघायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं.

सेलरी आणि सेलेरिॲक एकाच जातीचे. एकाचे देठ खायचे, दुसऱ्याचा बुंधा. पेरणीपासून काढणीपर्यंत जवळजवळ सहा महिने जातात, त्यामुळे काढल्यावर तो वाया गेला की जीव हळहळतो. पहिल्या वर्षी मी सातही कंद हौसेने घासूनपुसून धुतले आणि पिशवीत घट्ट बांधून ठेवले. आठवड्यात बुळबुळीत झाले. आता काढल्या काढल्या बाहेरचा पाला कापते, कारण तो कंदातलं पाणी ओढत राहतो. मधली कोवळी पानं तेवढी ठेवते. माती नुसती झटकते, धूत नाही. फ्रिजमध्ये भोकं पाडलेल्या पिशवीत हे कंद काही आठवडे आरामात टिकतात. थंड जागा असेल तर ओलसर वाळूत पुरून काही महिनेसुद्धा. एक सांगायला हवं: भर उन्हात पाला कापताना त्याचा रस हाताला लागला तर काहींच्या त्वचेवर चट्टे उठतात. पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. आणि ज्यांना सेलरीची ॲलर्जी आहे, त्यांनी याच्याही वाटेला जाऊ नये.

सोलायला सोलाणं घेऊ नका. खाचाखोचांत ते अडकतं आणि बोट कापतं. वरचा आणि खालचा भाग सुरीने सपाट उडवा, कंद फळीवर नीट बसवा आणि वरून खाली, गोलाईच्या बाजूने साल उतरवत जा. खालच्या भागात मुळं एकमेकांत गुंतून मधे माती धरून बसतात. तो भाग कोरत बसू नका, सरळ कापून टाका. माझा ६०० ग्रॅमचा कंद सोलून ४१० ग्रॅम भरला होता, म्हणजे अंदाज घेताना तिसरा हिस्सा गेला असंच धरा. कापलेला भाग हवेने पटकन तपकिरी पडतो, म्हणून शेजारी एक लिटर पाण्यात दोन चमचे लिंबाचा रस घालून ठेवा आणि फोडी त्यात टाकत जा.

आता आतला गाभा बघा. हाताला जड, कापताना करकर आवाज करणारा, पांढराशुभ्र असेल तर तो शिजवू नका. कच्चाच खा. फ्रेंच लोक याचं रेमुलाद, म्हणजे मेयोनेज-मोहरी लावलेली कच्ची कोशिंबीर, करतात. ४०० ग्रॅम कंदाच्या आगपेटीच्या काडीएवढ्या बारीक काड्या करा. किसणीवर किसलात तर लगदा होतो, म्हणून थोडे कष्ट घ्या: आधी दोन मिलिमीटरच्या चकत्या, मग चार-पाच चकत्या एकावर एक ठेवून उभ्या काड्या. त्यांना अर्धा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस चोळून अर्धा तास ठेवा. एक काडी बोटाभोवती गुंडाळून बघा. मोडली तर अजून दहा मिनिटं थांबा, न मोडता वळली की झालं. सुटलेलं पाणी मुठीत दाबून काढा. मग चार मोठे चमचे मेयोनेज, एक मोठा चमचा मोहरीची पेस्ट आणि मिरपूड. ताज्या काढलेल्या कंदाचा वास कधीकधी फार उग्र असतो. तसं वाटलं तर मीठ लावण्याआधी काड्या उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाका.

गाभा घट्ट आहे पण थोडा राठ, तंतू दिसताहेत, तर मॅश करा. इथे माझी फजिती ऐकून घ्या. बटाट्याचं करतो तसंच करायचं म्हणून मी नुसता सेलेरिॲक उकडला, दूध ओतलं आणि घोटला. पाहुणे टेबलावर बसलेले आणि भांड्यात पातळ पेज! शेवटी वाट्यांमध्ये ओतून 'सूप' म्हणून वाढलं. बटाट्यात भरपूर स्टार्च असतो, तो मॅश धरून ठेवतो. सेलेरिॲकमध्ये तो फारसा नसतो, उलट पाणीच जास्त. म्हणून आता निम्मा सेलेरिॲक, निम्मा बटाटा. दोन सेंटिमीटरच्या फोडी वेगवेगळ्या भांड्यांत वीसेक मिनिटं उकडायच्या. सेलेरिॲकचं पाणी काढून टाकल्यावर फोडी त्याच भांड्यात मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवत राहायच्या. आधी भसाभस वाफ निघते, मग ती कमी होते आणि भांड्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरू लागतो. तिथे थांबा. सेलेरिॲक मिक्सरमधून गुळगुळीत काढला तरी चालतो, बटाटा मात्र हातानेच कुस्करा, नाहीतर खळीसारखा चिकट होईल. दोन्ही एकत्र करून आधी लोणी घाला, नंतर गरम दूध, तेही चमच्या-चमच्याने.

मुठीएवढे बारके कंद सोलण्यात अर्थ नाही, हातात काही उरतच नाही. ब्रशने खसखसून घासा, तेल-मीठ चोळा, फॉइलमध्ये गुंडाळून १९० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा. दीड तासाने सुरी टोचून बघा, अडली तर पुन्हा आत. टोपी कापून आतला गर चमच्याने खायचा.

राहिला पोकळ, भुसभुशीत कंद. मधे पाणी द्यायचं राहिलं आणि मग एकदम धो-धो दिलं की माझ्याकडे हमखास असे निघतात. तपकिरी गाभा कोरून टाका, उरलेल्याचं सूप करा. लोण्यावर कांदा मऊ होऊ द्या, लाल नको. ५०० ग्रॅम फोडी, एक आंबट सफरचंद आणि पाऊण लिटर पाणी घालून पंचवीस मिनिटं शिजवा, मिक्सरमधून काढा. सफरचंद टाळू नका, त्याच्याशिवाय हे सूप फार सपक लागतं.

पाला फेकू नका, पण तो सेलरी समजून कच्चा चावायलाही जाऊ नका. देठ पोकळ आणि रेषाळ असतात. दोन-तीन देठांची जुडी दोऱ्याने बांधून सूपमध्ये सोडा आणि वाढण्याआधी उचलून घ्या. मी एकदा अख्खा झुबका टाकला होता, ते सूप कडू झालं आणि कुणी संपवलं नाही. पानं सावलीत कुरकुरीत वाळवा, हाताने चुरा, एक भाग चुऱ्याला दोन भाग मीठ घालून वाटा. उकडलेल्या अंड्यावर हे मीठ झकास लागतं. बरणीवर तारीख लिहा. काही महिन्यांनी वास उतरतो, तेव्हा मी चिमटीऐवजी दोन चिमटी घालते.