बुद्धिबळपटूने माइकसमोर बसायचं ठरवलं तर

बुद्धिबळाचं समालोचन किंवा ऑनलाइन थेट प्रसारण (स्ट्रीमिंग) सुरू करताना स्पर्धा खेळणाऱ्याला कॅमेऱ्यापेक्षा जास्त नडते ती गप्प बसायची सवय. चार-चार तास तोंड न उघडता बसणारा माणूस माइक मिळाला की दहा चालींचं व्हेरिएशन (पुढच्या संभाव्य चालींची साखळी) एका दमात सांगतो, आणि प्रेक्षक तिसऱ्या चालीलाच हरवतो. म्हणून सुरुवातीला थेट प्रसारण नकोच. आपला एखादा जुना डाव लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या 'स्टडी'त घाला, इंजिन (चाली सुचवणारा प्रोग्राम) बंद करा आणि दहा मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. तीन चाली पुढे जायचं, की मूळ स्थितीवर परत.

सरावाला हा सापळा घ्या: ई-४ ई-५, घोडा एफ-३ घोडा सी-६, उंट सी-४ घोडा डी-४. पांढरा घोडा ई-५चं प्यादं मारतो, काळा वजीर जी-५वर येतो. इथे थांबा आणि प्रेक्षकांना विचारा: घोड्याने एफ-७ मारलं तर वजीर आणि हत्ती दोघांवर मारा, मग का मारू नये? पाच सेकंद गप्प राहा. मग दाखवा: वजीर जी-२ मारतो, हत्ती एफ-१, वजीर ई-४ मारून शह, उंट ई-२, घोडा एफ-३ मात. समालोचनात सगळी गंमत त्या पाच सेकंदांत असते.

आता सामान. पट फारसा हलत नाही, त्यामुळे ७२०पी, ३० फ्रेम आणि ३००० ते ४००० केबीपीएस (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) पुरतात. अपलोडचा वेग याच्या दुप्पट हवा. पैसे माइकवर घाला. तो तोंडापासून वीतभर, आणि ओबीएस या प्रसारणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. चित्र अडखळू लागलं की लोक नेटला शिव्या घालतात. बऱ्याचदा स्टॉकफिश या इंजिनने सगळा प्रोसेसर खाल्लेला असतो. त्याला प्रोसेसरचे एक-दोन थ्रेडच (एका वेळी चालणारी कामं) द्या.

स्वतः खेळताना इंजिन आणि इव्हॅल्युएशन बार (कोण वरचढ आहे ते दाखवणारी पट्टी) पूर्ण बंद. चॅटही झाका, कारण कुणी चाल सुचवली तर ती बाहेरची मदत ठरते. ओबीएसच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये मिनिटभराचा स्ट्रीम डिले ठेवा, म्हणजे तुमचं प्रसारण बघत खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

दुसऱ्यांच्या स्पर्धेवर बोलताना त्यांचा व्हिडिओ उचलू नका, चाली आपल्या पटावर मांडा. २०१६च्या कार्लसन-कार्याकिन जगज्जेतेपदाच्या लढतीवेळी चालींच्या थेट प्रक्षेपणावर मनाई घालायला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नकार दिला होता. व्हिडिओवरचा हक्क ही वेगळी गोष्ट.

बिशप म्हणा किंवा उंट, पण एकच धरा. मराठीत बोलायचं असेल तर वजीर, हत्ती, किल्लेकोट हे शब्द घरोघरी समजतात.

यासाठी खेळणं सोडावं लागत नाही. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी याने २०२०च्या लॉकडाउनमध्ये स्ट्रीमिंग केलं, आणि २०२३ची ग्रँड स्विस स्पर्धाही जिंकली. फक्त स्पर्धेसाठी तयार केलेली ओपनिंग (डावाची सुरुवात) प्रसारणात खेळू नका. पुढच्या फेरीतला प्रतिस्पर्धीही तुमचा प्रेक्षक असतो, आणि तो वही घेऊन बसलेला असतो.