‘प्लीज ॲडव्हाइस’ लिहिण्याआधी

ऑफिसच्या मेलच्या शेवटी ‘प्लीज ॲडव्हाइस’ लिहिण्याची आपल्याकडे साथच आहे. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, ॲडव्हाइझ म्हणजे सल्ला देणे. म्हणजे आपण साहेबांना लिहितो, ‘कृपया सल्ला.’ तिथे दुसरा शब्द हवा.

स्पेलिंगमध्ये फरक एकाच अक्षराचा: नामाला सी, क्रियापदाला एस. गोंधळ झाला तर शब्द मोठ्याने म्हणून पाहा. शेवटी ‘स’ ऐकू आला तर सी लिहा. ‘झाड’मधल्यासारखा झ आला (‘झेंड्या’तला नव्हे) तर एस. होय, एसचा उच्चार झ! इंग्रजीकडून याहून सरळपणाची अपेक्षा ठेवू नये. डिव्हाइस म्हणजे उपकरण आणि डिव्हाइझ म्हणजे योजना आखणे, ही जोडीही याच कानाने सुटते.

प्रॅक्टिस आणि लायसन्स या शब्दांत मात्र कान कामाचा नाही, नाम आणि क्रियापद सारखेच ऐकू येतात. आपण वापरतो त्या ब्रिटिश पद्धतीत नियम तोच, नामाला सी. म्हणून ड्रायव्हिंग लायसन्समध्ये शेवटून दुसरे अक्षर सी. अमेरिकन मंडळी लायसन्स दोन्ही अर्थांनी एसने लिहितात आणि प्रॅक्टिस दोन्ही अर्थांनी सीने. त्यामुळे संगणकातला स्पेलचेक अमेरिकन इंग्रजीवर असेल, तर बरोबर शब्दाखालीही लाल रेघ येऊ शकते.

आणखी एक. मराठीत चार सल्ले देता येतात, इंग्रजीत ‘ॲडव्हायसेस’ चालत नाही. चार असोत की चाळीस, ॲडव्हाइस एकवचनीच. मोजायचेच असेल तर ‘पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणा.